गुडघ्याची साक्ष

डॉक्टरांकडे प्रकृति दाखवावयास गेलेल्या मनुष्याच्या अंगीं एक प्रकारचें गांभीर्य आलेलें असतें. नाडी पाहिली, जीभ पाहिली, छातीस नळी लावली, दंडास पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजला, हें सर्व तो एखाद्या धर्मकृत्याप्रमाणें मुकाट्यानें करवून घेतो. परंतु डॉक्टर जेव्हां त्यास टेबलाच्या कडेवर पाय लोंबते सोडून बसवितात आणि रबरी डोक्याच्या लहानशा हातोडीनें गुडघ्याच्या वाटीखालीं हलकेच एक ठोका देतात, तेव्हां त्या गांभीर्याचा भंग होतो. पाय आपण होऊन पुढें उडतो आणि रोगी हंसतो. आपलाच पाय आपल्या परवानगीवांचून हलला, ह्याचें त्याला हंसूं येतें. डॉक्टर मात्र हंसत नाहींत. ते दुसऱ्या गुडघ्यावर तसाच ठोका देतात, दोन्ही पायांच्या उडण्यांत कांहीं अंतर आहे काय तें पाहतात, आणि कागदावर अधिकाचें एखादें चिन्ह टांकून पुढच्या परीक्षेकडे वळतात. ही काय भानगड होती, हें शंभरांतील नव्वद रोगी विचारीत नाहींत.

आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा असल्यामुळें कोणतीहि रूढि दिसली कीं तिचें जन्मवर्ष विचारण्याची खोड आम्हांस जडलेली आहे. शिवाय ह्या विशिष्ट ठोक्याविषयीं आम्हांस कुतूहल वाटण्याचें एक घरगुती कारणहि आहे. तें यथाक्रम पुढें येईल. नाशिककरांस तर ह्या विषयाशीं थोडा शेजारधर्महि आहे. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळच्या बाजूस महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ सालीं तें स्थापन झाल्यापासून, अभिमत विद्यापीठें सोडल्यास, महाराष्ट्रांतील बहुतेक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची परीक्षा ह्या नाशकांतील विद्यापीठाच्या नांवानें होते. गडचिरोलीकडचा मुलगा असो कीं सावंतवाडीकडची मुलगी असो, परीक्षकासमोर एखाद्या रुग्णाच्या गुडघ्यावर नीट ठोका देतां आल्यावांचून त्यांची सुटका नाहीं. ठोका मनगटांतून सैल हातानें द्यावा, रोग्याचा पाय उघडा असावा, मांडीच्या स्नायूवर नजर असावी, इत्यादि नियम आमच्या शेजारचे एक तरुण डॉक्टर आम्हांस मोठ्या उत्साहानें सांगत होते. हें सर्व केव्हांपासून, असें आम्हीं विचारलें, तेव्हां ते थोडे विचारांत पडले आणि म्हणाले, "पूर्वींपासूनच असावें."

पूर्वींपासून तें मुळींच नाहीं. आमच्याकडे हल्लीं कोणतीहि गोष्ट निघाली कीं ती आपल्या ग्रंथांत होतीच, असें म्हणणारे एक-दोघे बैठकींत असतातच. म्हणून तें प्रथमच सांगून टाकणें बरें. आपल्या वैद्यांची अष्टविध परीक्षा प्रसिद्ध आहे: नाडी, मूत्र, मल, जिह्वा, शब्द, स्पर्श, दृष्टि व आकृति. सुश्रुतानें शरीरांतील १०७ मर्में सांगितलीं, त्यांत गुडघ्याचें जानुमर्महि आहे, आणि तेथें आघात झाल्यास मनुष्य लंगडा होतो असेंहि त्यानें नमूद केलें आहे. निरीक्षण म्हणून हें उत्तमच आहे. परंतु गुडघ्यास इजा झाली तर काय होतें हें पाहणें निराळें, आणि इजा न करितां, केवळ ठोका देऊन, पाठीच्या कण्याच्या आंतली खबर काढणें निराळें. ही दुसरी युक्ति प्राचीन भारतास ठाऊक नव्हती, ग्रीसला नव्हती, अरबांसहि नव्हती. तिचें वय आज अवघें दीडशें वर्षांचें आहे.

आतां, चटका बसतांच हात मागें येतो आणि डोळ्यासमोर कांहीं आलें कीं पापणी मिटते, हें कोणास ठाऊक नव्हतें? प्रश्न होता तो हा हुकूम देतो कोण, हा. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्याचा मनुष्यशरीरावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ सालीं, प्रसिद्ध झाला. त्यांत विस्तवाजवळ पाय नेलेल्या मनुष्याचें वर्णन आहे. देकार्त म्हणतो, दोरीचें एक टोंक ओढलें असतां दुसऱ्या टोंकास घंटा वाजावी, तसा पायापासून मेंदूपर्यंत गेलेला तंतु ओढला जातो. आम्हां नाशिककरांस ह्यावरून नारोशंकराच्या देवळावरची घंटा आठवल्यावांचून राहत नाहीं. मात्र देकार्ताची घंटा वाजे ती मेंदूंत. मेंदूवांचूनहि घंटा वाजते, हें त्याच्या ध्यानीं आलें नव्हतें. तें दाखविलें एडिंबरोच्या रॉबर्ट व्हिट ह्यानें, १७५१ सालीं. डोकें उडविलेल्या बेडकाचा पाय चिमटला तर तो पाय आंखडून घेतो. परंतु त्याच बेडकाच्या पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु नष्ट केली कीं मग कितीहि चिमटे काढा, पाय हलत नाहीं. म्हणजे हुकूम मज्जारज्जूंतून सुटतो. पुढें १८३३ सालीं लंडनच्या मार्शल हॉल ह्यानें ह्या क्रियांचें शास्त्रशुद्ध विवेचन रॉयल सोसायटीपुढें मांडलें. पालीसारख्या दिसणाऱ्या एका जलचर प्राण्याचें तोडलेलें शेपूट सुई टोंचतांच हलतें, ह्यावरून त्याच्या विचारास चालना मिळाली होती. पालीचें तुटलेलें शेपूट वळवळतांना आपल्यांतील कोणत्या घरच्या पोरांनीं पाहिलें नाहीं? आम्हीं लहानपणीं तें काडीनें डिवचलेंहि आहे. ह्या क्रियांना आपल्याकडे 'प्रतिक्षिप्त क्रिया' असें नांव रूढ झालें. आरशावर पडलेला किरण जसा परत फेंकला जातो, तशी आंत गेलेली संवेदना हालचालीच्या रूपानें परत फेंकली जाते, असा त्याचा भावार्थ. नांव चांगलें आहे.

इतकें सर्व झालें तरी ही विद्या बेडकांपुरतीच होती. दवाखान्यांत तिचा उपयोग करावा, असें डॉक्टरांच्या मनांत आलें नव्हतें. आणि जेव्हां आलें तेव्हां तें एकाच वेळीं दोघांच्या मनांत आलें. हायडेलबर्गचा एर्ब आणि बर्लिनचा वेस्टफाल ह्या दोन जर्मन वैद्यांचे निबंध १८७५ सालीं एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकांत प्रसिद्ध झाले. वेस्टफाल त्या नियतकालिकाचा संपादक होता. त्यानें ही गोष्ट १८७१ पासून पाहून ठेविली होती. आणि गंमत अशी कीं, ती त्याला प्रथम सांगितली ती एका रोग्यानें. गुडघ्याच्या वाटीखालीं ठोकलें म्हणजे माझा पाय उडतो, असें तो रोगी म्हणाला. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरानें त्याला "बरें, बरें" म्हणून वाटेस लावलें असतें. वेस्टफालनें तसें केलें नाहीं; त्यानें इतरांचे गुडघे ठोकून पाहण्यास आरंभ केला. इतक्यांत एर्बचा निबंध त्याच्याकडे आला. दुसऱ्याचा लेख मागें ठेवून आपला आधीं छापण्याचा मोह कित्येक संपादकांस आवरला नसता. वेस्टफालनें दोन्ही लेख बरोबर छापले. शास्त्राच्या इतिहासांत असे सरळ व्यवहार पुष्कळ आढळतात असें नाहीं; म्हणून आम्हीं येथें थोडें थांबलों.

मात्र दोघांचा अर्थ एक नव्हता. एर्ब म्हणे, ही मज्जारज्जूंतून परत आलेली प्रतिक्षिप्त क्रिया आहे. वेस्टफाल म्हणे, छे! ठोक्यानें स्नायूच थरारतो, मज्जारज्जूचा संबंध येतो तो केवळ स्नायूस ताणून तयार ठेवण्यापुरता. हा वाद अर्धें शतक चालला. लंडनचा गॉवर्स ह्यासारखे मातबर लोक वेस्टफालच्या बाजूचे होते. पाय इतक्या झटपट उडतो कीं तेवढ्या अवकाशांत निरोप कण्यापर्यंत जाऊन परत येणें शक्य नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आतां मोजलेलें आहे कीं ठोका बसल्यापासून सुमारें एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत स्नायूस आज्ञा पोंचलेली असते, आणि निरोप खरोखरच कण्यापर्यंत जाऊन आलेला असतो! इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन ह्यानें आपल्या सहकाऱ्यासह १९२४ सालीं दाखविलें कीं ह्या सर्व प्रकाराचें मूळ स्नायूच्या ताणण्यांत आहे. ठोक्यानें वाटीखालची शीर किंचित् दबते, तीमुळें मांडीचा पुढचा स्नायु केसभर ताणला जातो, त्या स्नायूंत गुंफलेले बारीक चातीसारखे अवयव ती खबर कमरेंतील मज्जारज्जूस देतात, आणि मज्जारज्जु त्याच स्नायूस 'आंखड' म्हणून हुकूम फिरविते. १९४३ सालीं अमेरिकेंत लॉइड ह्यानें आणखी एक गोष्ट सिद्ध केली: येणारा तंतु आणि जाणारा तंतु ह्यांच्यामध्यें तिसरा कोणी मध्यस्थच नाहीं. घाईचें रहस्य तेथें उलगडलें.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल, पाय कां उडतो हें कळलें. परंतु तो उडाला किंवा न उडाला ह्यावरून डॉक्टरास काय कळतें? त्यासाठीं आपण जुन्या मुलकी कारभाराचें उदाहरण घेऊं. गांवांतली किरकोळ तक्रार पाटील गांवांतच मिटवितो. तालुक्याच्या गांवीं मामलेदार बसलेला असतो. तो रोज प्रत्येक तंट्यांत हात घालीत नाहीं, परंतु त्याचा धाक असतो, आणि त्या धाकामुळें पाटील हात राखून वागतो. येथें कमरेंतील मज्जारज्जु हा पाटील, आणि मेंदु हा मामलेदार. आतां, तक्रार घेऊन जाणारा जासूदच वाटेंत पडला, किंवा पाटीलच आजारी असला, तर गांवांत कांहींच हालचाल होणार नाहीं. गुडघा ठोकला तरी पाय स्वस्थ. मधुमेहानें ज्ञानतंतु झिजले, ब १२ जीवनसत्त्वाची उणीव पडली, पोलिओनें मज्जारज्जूंतील हुकूम देणाऱ्या पेशी मारल्या, म्हणजे असें होतें. ह्याच्या उलट, तालुक्याचा रस्ता तुटला आणि मामलेदाराचा धाक उरला नाहीं, तर पाटील शिरजोर होतो. ठोका हलकाच, पण पाय लाथ मारल्यासारखा उसळतो. अर्धांगवायूचा झटका येऊन कांहीं काळ लोटला, किंवा पाठीच्या कण्यांत कांहीं वाढून मज्जारज्जु दाबली गेली, म्हणजे हा प्रकार. एका ठोक्यानें डॉक्टरास बिघाड गांवांत आहे कीं तालुक्याच्या वाटेवर, हें समजतें. गुडघा कमरेंतील मज्जारज्जूची साक्ष देतो, टांचेची शीर तिच्या खालच्या भागाची, कोपराच्या पुढची व मागची शीर मानेंतल्या भागाची. डावें-उजवें ताडून पाहिलें, वर-खालीं ताडून पाहिलें, कीं कण्यांत कोणत्या पातळीवर घोटाळा आहे हें बहुधा बोटानें दाखवितां येतें. आणि हें सर्व पांच मिनिटांत, वीज नसली तरी, बैलगाडी जाईल त्या गांवीं!

पुष्कळदां प्रकृति ठणठणीत असूनहि गुडघा बोलत नाहीं, कारण रोगी ताठरून बसलेला असतो. अशा वेळीं डॉक्टर त्यास सांगतात, दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत अडकवून जोरानें ओढा. आणि ओढतांच पाय उडतो. ही युक्ति बुडापेस्टच्या येंड्रासिकनें १८८५ सालीं काढली. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ ही कांहीं योगमुद्रा असावी अशा समजुतीनें ती घरींहि नेमानें करीत असत.

हातोडीची हकीकत स्वतंत्र आहे. ठोकून रोग ओळखण्याची कल्पना व्हिएन्नाच्या औएनब्रुगरची, १७६१ सालची. तो खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपांत दारू कोठवर आहे हें जसें ठोकून कळतें, तसें छातींत पाणी कोठवर भरलें आहे हेंहि ठोकून कळावें, असें त्यानें दाखविलें. त्यासाठीं पुढें हातोड्या निघाल्या, आणि गुडघ्याची परीक्षा आली तेव्हां डॉक्टर त्याच हातोडीनें, किंवा नुसत्या हाताच्या कडेनें, काम भागवीत. खास गुडघ्यासाठीं म्हणून तिकोनी रबरी डोक्याची हातोडी केली ती फिलाडेल्फियाच्या टेलर नांवाच्या डॉक्टरानें, १८८८ सालीं. फिलाडेल्फियाचें नांव वाचतांच मराठी वाचकास दुसरें एक नांव आठवावें. आनंदीबाई जोशी ह्यांस ११ मार्च १८८६ रोजीं त्याच शहरच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून डॉक्टरची पदवी मिळाली. आणि त्याच सालीं त्याच शहरीं वेअर मिचेल व लुइस हे दोघे वैद्य निरोगी व रोगी माणसांचे गुडघे ठोकून ह्या विषयावर निबंध लिहीत होते. बाईंच्या शिक्षणकाळीं ही परीक्षा अवघ्या दहा-अकरा वर्षांची, म्हणजे वैद्यकांतली अगदीं ताजी वार्ता होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास बाई वारल्या. टेलरची हातोडी पुढच्या वर्षीं निघाली. इतिहासांत असे चुकलेले सांधे फार असतात; ते नोंदण्यापलीकडे आमच्या हातीं कांहीं नाहीं. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयांत लांब दांड्याची, चाकासारख्या डोक्याची जी हातोडी वापरीत, ती तेथील मिस विंटल नांवाच्या एका परिचारिकेनें बनविली, आणि तिचा दांडा होता आपल्या बांबूचा.

येथवर गुडघा. परंतु ह्या इतिहासांतला सर्वांत हृद्य भाग पायाच्या तळव्याचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिसमध्यें शार्को ह्या विख्यात वैद्याच्या रुग्णालयांत शेंकडों स्त्रिया हात-पाय लुळे पडले म्हणून येत. त्यांतल्या कित्येकींचा रोग शरीराचा नसून मनाचा असे. त्याला 'हिस्टेरिया' हें नांव होतें. नांव एकदां रूढ झालें कीं तें कोणावरहि चिकटवितां येतें, आणि स्त्रियांवर तर फारच सहज. खरोखरच मज्जारज्जूचा रोग झालेली बाई आणि मनानें खचलेली बाई, दोघीहि एकाच खाटेवर, एकाच नांवाखालीं. त्यांना वेगळें करावयाचें कसें? शार्कोचा शिष्य बाबिन्स्की ह्यानें १८९६ च्या फेब्रुवारींत एका सभेपुढें अवघ्या २८ ओळींचें टिपण वाचलें. तळव्याच्या बाहेरच्या कडेनें टांचेकडून बोटांकडे बोथट टोंकानें रेघ ओढली असतां निरोगी माणसाचा अंगठा खालीं वळतो. मेंदूपासून येणारी वाट बिघडली असेल, तर तो वर उठतो. हें सोंग कोणाला आणतां येत नाहीं आणि मनाच्या रोगानें तें होत नाहीं. तान्ह्या मुलांचा अंगठा मात्र वर्ष-दीड वर्षापर्यंत वरच उठतो, कारण त्यांच्या मज्जेची ती वाट अजून पुरी तयार झालेली नसते. बाळाला न्हाऊं घालणाऱ्या आज्यांनीं तें हजारदां पाहिलें असेल. २८ ओळी! आमच्या विद्यापीठांतून प्रबंधांचे जे भारे निघतात ते पाहून आम्हांस ह्या आंकड्याचा हेवा वाटतो.

सोंग आणि रोग ह्यांचा निवाडा सैन्यांतहि नेहमींचाच. ह्या संबंधांत आमच्या नाशिकजवळच्या देवळालीनें इंग्रजी भाषेस एक शब्द दिला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणींत महिनेच्या महिने पडून असत; काम नाहीं, ऊन आणि दारू मुबलक. त्यांतले कांहीं भ्रमिष्टासारखे वागूं लागत. त्यास शिपाई 'डूलाली टॅप' झाला असें म्हणत. 'डूलाली' म्हणजे देवळाली हें उघडच आहे. 'टॅप' म्हणजे काय, तर आपला 'ताप'. इंग्रजींत टॅप म्हणजे हलकासा ठोकाहि होतो, त्यामुळें पुढच्या पिढीच्या इंग्रजांस वाटलें असेल कीं देवळालीस डोक्यावर कोणी टपली मारीत असावें. 'डूलाली' हा शब्द आजहि इंग्रजी कोशांत आहे.

आतां आमच्या घरचें कारण. १९८६ सालीं आमची थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतों, लग्न होऊन निफाड तालुक्यांत एका मोठ्या घरांत दिलेली होती. तिचे पाय जड वाटूं लागले. प्रथम उंबऱ्यास ठेंच लागे. मग पाण्याची कळशी घेऊन येतांना ती दोनदां पडली. पाठ दुखते, असेंहि ती म्हणे. पण शेताघरांत पाठ कोणाची दुखत नाहीं? कामाच्या वेळीं बाईंचे पाय जड होतात, माहेरचें माणूस दिसलें कीं बरे होतात, अशी चर्चा सुरू झाली. जवळच्याच एका वैद्यकव्यवसायी गृहस्थांनीं तिला तपासलें, म्हणजे नाडी पाहिली, आणि हा मनाचा आजार आहे, मूलबाळ झालें कीं जाईल, असा निर्वाळा दिला. तेवढ्यानें घरच्यांच्या संशयावर शिक्कामोर्तब झालें. त्यानंतरचे तीन महिने अक्कानें कसे काढले हें तिनें आम्हांस कधीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलेलें नाहीं. शेवटीं आमचे वडील जाऊन तिला नाशकास घेऊन आले. मोटारींतून उतरतांना तिला दोघांनीं धरावें लागलें.

येथील एका रुग्णालयांत नुकतेच शिकून आलेले एक डॉक्टर होते. आम्ही तेव्हां शाळा संपवून नुकतेच महाविद्यालयांत गेलों होतों. वडिलांबरोबर आम्हीहि खोलींत उभे होतों, म्हणून तो प्रसंग आम्हांस स्पष्ट आठवतो. त्यांनीं अक्काची हकीकत ऐकली, मध्यें एकदांहि अडविलें नाहीं. मग हातोडी काढली. गुडघ्यावर ठोका पडतांच तिचा पाय असा उसळला कीं डॉक्टरांनीं आपलें तोंड मागें घेतलें. तिचें पाऊल झटक्यानें वर दाबून धरतांच तें शिवणयंत्राच्या सुईप्रमाणें थडथडूं लागलें, थांबेचना. नंतर त्यांनीं खिशांतून किल्ली काढून तळव्यावर रेघ ओढली. अंगठा सावकाश, अगदीं ठळकपणें, वर उठला. दुसऱ्या पायाचाहि उठला. वडिलांनीं भीत भीत विचारलें, "डॉक्टरसाहेब, सासरीं म्हणतात, ही मनानें करते." डॉक्टर अक्काकडेच पाहत म्हणाले, "ताई, तुम्हीं ठरविलें तरी हा अंगठा असा तुम्हांला करतां यायचा नाहीं. तुमच्या पाठीच्या कण्यांत कांहींतरी आहे." अक्का इतका वेळ कोरडी होती, तेव्हां ती रडूं लागली. रोग मोठा आहे असें कळून कोणाला समाधान झालेलें आम्हीं त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत दोन मणके क्षयानें पोखरलेले दिसले. पुढें कित्येक महिने फळीवर निजून राहणें आणि दीड वर्ष औषधें. परंतु सहाव्या महिन्यांत ती काठीशिवाय अंगणांत आली.

व्यक्तीची जी साक्ष, तीच कधीं कधीं साऱ्या गांवाची होते. १९७१ सालीं मुंबईंत डोळे येण्याची मोठी सांथ आली. डोळे बरे झाले; परंतु कांहीं रोग्यांचे पाय त्यानंतर काही दिवसांनीं लुळे पडले, आणि त्या पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया नाहींशा झालेल्या आढळल्या. सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांत मज्जाविकारांचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर वाडिया ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या दोन गोष्टींचा संबंध जुळवून 'लॅन्सेट' ह्या विलायतेच्या नियतकालिकांतून तो जगापुढें मांडला. डोळ्यांचा रोग पायांत उतरतो, हें मुंबईच्या डॉक्टरांनीं रोग्यांच्या खाटेशीं उभें राहून ओळखलें. विदर्भाच्या पूर्वेकडील धानाच्या मुलखांत लाखोळीची डाळ खातात. दुष्काळांत दुसरें धान्य नाहीं म्हणून महिनोन् महिने तीच खाल्ली गेली, कीं तरणेबांठे लोक पाय कात्रीसारखे एकमेकांवर टाकीत चवड्यांवर चालूं लागतात. सागर जिल्ह्यांतील अशा एका अनर्थाचें वर्णन स्लीमन ह्या अंमलदारानें १८४४ सालच्या आपल्या ग्रंथांत केलेलें आहे. ह्या लोकांचे गुडघे अक्काच्या गुडघ्यांप्रमाणें उसळतात. बिघाड तालुक्याच्या वाटेवर आहे. पोलिओचें उलट. पंधरा वर्षांखालील मुलाचा कोणताहि अवयव एकाएकीं लुळा पडला कीं त्याची नोंद करून शोध घ्यावयाचा, असा नियम करूनच ह्या देशानें पोलिओचा पाठलाग केला. १३ जानेवारी २०११ ही शेवटच्या रुग्णाची तारीख, आणि २७ मार्च २०१४ रोजीं हा प्रदेश पोलिओमुक्त झाल्याचा दाखला मिळाला.

अगदीं अलीकडची गोष्ट म्हणजे २०२५ च्या जानेवारींतली. पुण्यास सिंहगड रस्त्याच्या बाजूस जुलाब होऊन गेलेल्या माणसांचे पाय अशक्त होऊं लागले; दोनशेंच्या वर संशयित रुग्ण निघाले, कांहीं दगावले, आणि कित्येकांस श्वासासाठीं यंत्र लावावें लागलें. दूषित पाण्यावर संशय गेला. रोगाचें नांव वृत्तपत्रांतून घरोघर पोंचलें: गियें-बारे. पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, १९१६ सालीं, गियें, बारे व स्ट्रोल ह्या तिघां फ्रेंच वैद्यांनीं दोन शिपायांवरून हा रोग वर्णिला; त्यांतल्या स्ट्रोलचें नांव लोकांनीं पुढें गाळलें, ही एक दुर्दैवाची गोष्ट, कारण प्रतिक्षिप्त क्रियांचीं मापें घेणारा तोच होता. ह्या रोगांत अशक्तपणाबरोबर गुडघे मुके होतात. रात्रीं दोन वाजतां रुग्णालयाच्या दारांत पाय अशक्त झाले म्हणून आलेल्या माणसास घरीं पाठवावयाचें कीं ठेवून घ्यावयाचें, हा प्रश्न पुण्याच्या कोणा शिकाऊ डॉक्टरापुढें त्या महिन्यांत कितीदां तरी आला असेल, आणि त्याचा निकाल पुष्कळ अंशीं ह्या दोनशें रुपयांच्या हातोडीनेंच लावला असेल.

तिला सर्वज्ञ मात्र कोणी समजूं नये. कांहीं निरोगी माणसांचे गुडघे जन्मभर मुकेच असतात. म्हातारपणीं टांचेची शीर बोलेनाशी होते, त्याचें कांहीं नाहीं. महारोगांत हाताला विस्तव कळत नाहीं, बोटें झडूं लागतात, तरी गुडघा बहुधा चोख उडतो. चांगला डॉक्टर एका साक्षीदारावर निकाल देत नाहीं. परंतु हल्लीं साक्षीदाराला बोलाविण्याचीच टाळाटाळ होते, अशी तक्रार आमच्या शेजारच्या डॉक्टरांनीं स्वतःच केली. यंत्रांत घालून काढलेलें कण्याचें चित्र फार सुंदर असतें. पण कण्याच्या कोणत्या भागाचें चित्र काढावयाचें, हें आधीं कोणीतरी ठरवावें लागतें, आणि कमरेचें चित्र निर्दोष आलेल्या रोग्याचा बिघाड मानेंत सांपडल्याचीं उदाहरणें त्यांनीं आम्हांस दोन सांगितलीं. आमचें म्हणाल तर आम्ही ह्या बाबतींत निःपक्षपाती नाहीं.

गेल्या दिवाळींत अक्का आमच्याकडे आली होती. साठी उलटली आहे. रक्तदाब पाहावयास म्हणून शेजारच्या डॉक्टरांस आम्हीं बोलाविलें. त्यांनीं कण्याच्या जुन्या दुखण्याची हकीकत ऐकली, दिवाणखान्यांतच तिला खुर्चीवर पाय लोंबते सोडून बसावयास सांगितलें आणि पिशवींतून हातोडी काढली. तिचे गुडघे अजून इतरांहून किंचित् अधिकच उडतात. डॉक्टरांनीं कागदावर दोन्ही पायांपुढें अधिकाचीं तीन-तीन चिन्हें टांकलीं, आणि अक्कानें कागद त्यांच्या हातांतून घेऊन तीं बरोबर आहेत कीं नाहींत तें चष्मा लावून पाहिलें.